बारावी बाई

मंदा शिगवणने पहिला मोबाइल घेतला तेव्हा तिचा नवरा धर्माजी म्हणाला होता, "तुला कशाला गो? खिडकी हाय की."

त्यात चूक काहीच नव्हतं. भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मंदा खाली विचारायची, "भैया, मेथी ताजा है क्या?" आणि भाजीवाल्याने तोंड उघडायच्या आत समोरच्या बिल्डिंगमधून हंसाबेन ओरडायच्या, "बासी छे मंदाबेन, मत लेना!" भाजीवाल्याने त्या गल्लीत गाडी लावणं सोडलं. अजून कोपऱ्यावरच उभा राहतो.

हा आवाज काही तिने आईच्या पोटातून आणला नव्हता. लांज्याहून लग्न करून आली तेव्हा ती इतकी हळू बोलायची की सासूने आठव्या दिवशी धर्माजीला बाजूला घेऊन विचारलं, "मुकी दिली काय रं आपल्याला?" मग ती स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. पॉलिशची मशिनं सकाळी आठला सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत किंचाळत राहायची. तिथे साध्या आवाजात बोललेलं आणि न बोललेलं सारखंच. सुपरवायझर महिपत पहिले तीन महिने तिच्यावर खेकसायचा, "काय? मोठ्यानं बोल! जेवली नाहीस काय?" चौथ्या महिन्यात त्याने खेकसणं बंद केलं. पाचव्या महिन्यापासून तो कानात कापूस घालून यायला लागला. एकोणतीस वर्षांनी मंदा कारखान्यातून निवृत्त झाली. आवाज नाही झाला.

आणि हा आवाज घेऊन ती दरवर्षी एकदा स्टेजवर चढायची. नवघरच्या समूहगान महोत्सवात.

या महोत्सवाला एकतीस वर्षं झाली. जानेवारीतला एक रविवार, मैदानात मंडप, सकाळी नऊपासून वीस-बावीस समूह. सगळे हौशी. गाण्याचे पैसे घेणारी एक जरी व्यक्ती सापडली तर अख्खा समूह बाद. प्रत्येक समूहात किमान बारा जणी किंवा बारा जण. दोन गाणी, एक नेमून दिलेलं आणि एक आपल्या पसंतीचं लोकगीत. मध्येच गाडी अडली तर एकदाच पुन्हा सुरुवात करता येते, पाच गुण कापून. नियम एवढेच.

पण माणसं नियमांसाठी येत नाहीत, गाण्यासाठी तर त्याहून नाही. माणसं येतात शेरेवाचनाला. प्रत्येक समूह गाऊन झाला की परीक्षक एका कागदावर शेरा लिहितात, आणि तो कागद तिथल्या तिथे, समूह स्टेजवर उभा असताना, माइकवरून वाचून दाखवला जातो. एकतीस वर्षं हे काम गुणवंत सर करतात. सर निवृत्त मुख्याध्यापक. कागद हातभर लांब धरतात, चष्मा कपाळावर नेतात, मग नाकावर आणतात, आणि असे वाचतात की स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतो. "ताल... बरा. शब्दोच्चार... स्पष्ट. सूर..." इथे सर थांबतात. मंडपात आठशे माणसं भेळेचा घास तोंडात धरून थांबतात. "सूर... पुढच्या वर्षी आणावा." की मग काय, शिट्ट्या! शेजारच्या बिल्डिंगवाल्यांचा अपमान, तोही शुद्ध मराठीत आणि फुकट. असं सुख भाईंदरमध्ये दुसरं कुठे मिळणार?

गेल्या वर्षी ते सुख मंदाच्या वाट्याला आलं होतं.

मंदाचा समूह म्हणजे तिच्याच बिल्डिंगमधल्या आणि गल्लीतल्या बायका. वीस वर्षांपूर्वी मंदा आणि अजून तिघी-चौघींनी काढलेला. तेव्हा पेटी नव्हती, मास्तर नव्हता. मंदा ओळ उचलायची, बाकीच्या मागून यायच्या. बक्षीस कधी मिळालं नाही, पण भांडणं भरपूर झाली, त्यामुळे समूह टिकला.

मग सहा वर्षांपूर्वी सुचेताताई गिरगावातून राहायला आल्या. गल्लीच्या तोंडाशी नवा टॉवर झाला त्यात, अकराव्या मजल्यावर. बँकेतून निवृत्त, पेटी वाजवणाऱ्या, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमच्या गिरगावात" अशी करणाऱ्या. आमच्या गिरगावात असे डास नव्हते. आमच्या गिरगावात माणसं रिक्षावाल्याशी मराठीत बोलायची. आमच्या गिरगावात समूहगान म्हणजे कसं, बारा गळे आणि एक आवाज. महिनाभरात समूह त्यांच्या पेटीभोवती बसायला लागला. त्यांच्यामुळे तिसऱ्या वर्षी उत्तेजनार्थ मिळालं, पाचव्या वर्षी तिसरं. बायकांना बक्षिसाची चटक लागली.

आणि गेल्या वर्षी, दुसरं बक्षीस नक्की असं सगळ्या धरून बसलेल्या असताना, गुणवंत सरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "गायन... सुरेल. तयारी... उत्तम. परंतु..." भेळ थांबली. "एक आवाज समूहात मिसळत नाही. तो... शोधून काढावा."

शोधायला काय पोलीस हवे होते? स्टेजवरच्या तेरा माना आधी वळल्या, मग मंडपातल्या आठशे. शेवटच्या रांगेतून धर्माजीसुद्धा बघत होता, जणू त्यालाही आत्ताच कळलं.

 सुचेताताईंनी फक्त तो कागद गुणवंत सरांकडून मागून घेतला, लॅमिनेट केला, आणि सोसायटीच्या ऑफिसात, जिथे प्रॅक्टिस व्हायची तिथे, पाण्याच्या मोटारीच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवला.

* * *

यंदा नोव्हेंबरात प्रॅक्टिस सुरू झाली त्या पहिल्याच मंगळवारी सुचेताताईंनी पेटीचा भाता लावून ठेवला आणि आवाज तुपात बुडवून बाहेर काढला.

"मंदाताई, एक विनंती आहे हं. रागावायचं नाही."

"विनंती असंल तर कशाला रागावू?"

"यंदा तुम्ही मागच्या रांगेत, डाव्या टोकाला उभ्या राहा. आणि..." त्यांनी बोटांनी हवेत चिमूट केली, "फक्त ओठ हलवा."

"म्हंजी?"

"म्हणजे शब्द सगळे म्हणायचे, पण आवाज नाही काढायचा. लांबून कुणाला कळतसुद्धा नाही. मोठमोठ्या समूहांत करतात असं. आमच्या गिरगावात—"

"गिरगावात मुकी माणसं गायला बसवायची?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. सुचेताताईंनी त्यांच्याकडे पाहिलं तशी त्यांनी हसू गिळलं आणि खोकल्या.

"मी भांडायला आले नाहीये, मंदाताई. तो कागद बघा. शेरा माझा नाही, परीक्षकांचा आहे."

"मग मला काढूनच टाका की सरळ! कशाला ओठ नि बीट?"

यावर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि मंदाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती मोजायला लागली. गेल्या वर्षी चौदा होत्या. बिल्डिंग पाडली म्हणून दोघी विरारला गेल्या. चौदातून दोन. तिने सावकाश, बोट दाखवून, पेटीवाली सोडून प्रत्येकीला मोजलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं तेव्हा आकडा बारा आला.

"अस्सं," ती म्हणाली. "डोकं पायजे. तोंड नको."

"तुम्ही शब्द किती वाईट वापरता हो," सुचेताताई म्हणाल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत.

तशीच उठून जायचं मंदाच्या अगदी चपलेपर्यंत आलं होतं. ती गेली की अकरा उरतात, अकरा उरल्या की समूह घरी. सुचेताताईंची पेटी, ते बारा गळे आणि एक आवाज, सगळं मोटारीच्या वेळापत्रकाशेजारी लटकलं असतं. किती गोड वाटलं तिला ते! पण लगेच दुसरंही वाटलं, की मग आपणही घरीच. वर्षभर भांडी, दळण, धर्माजीच्या गोळ्या, आणि जानेवारीतल्या त्या रविवारी खिडकीतून लांबचा माइक ऐकायचा. कारखान्यात दोनशे माणसांत एक, बिल्डिंगमध्ये साठ घरांत एक. त्या स्टेजवर मात्र आठशे माणसांना एकट्या मंदाचा आवाज वेगळा काढून दाखवता यायचा. परीक्षकांनीही तेच तर लिहिलं होतं. त्यांना तो दोष वाटला, हा त्यांचा प्रश्न.

म्हणजे जायचं तर स्टेजवर जायचंच. आणि एकदा वर चढल्यावर आपलं तोंड कोण धरणार आहे?

"बरं," मंदा म्हणाली. "हलवते ओठ."

सुचेताताईंना ते इतक्या लवकर अपेक्षित नव्हतं. त्यांनी संशयाने भाता सोडला.

वर आणखी एक गंमत होती, गंमत म्हणायची तर. लोकगीत म्हणून जे गाणं निवडलं ते मंदाचंच होतं. तिची आई भात लावताना म्हणायची ते. पूर्वी समूह ते मंदाच्या मागून म्हणायचा. सुचेताताईंनी ते 'स्वच्छ' करून घेतलं होतं. मूळ ओळ होती, "आंब्याच्या सावलीला गो बाय, कोन बसला." आता ती झाली होती, "आंब्याच्या सावलीला गं सखी, कोण बसला." आणि पहिली ओळ एकटीने म्हणायची होती इशिताने. इशिता म्हणजे टॉवरमधली, सुगम संगीताच्या दोन परीक्षा दिलेली, घशासाठी मधाची बाटली घेऊन येणारी. "काकू, मूळ गाण्यात इमोशन काय आहे एक्झॅक्टली?" असं तिने मंदाला विचारलं होतं.

"चिखल हाय," मंदा म्हणाली. "गुडघ्यापर्यंत."

दोन महिने मंदा मागच्या रांगेत, डाव्या टोकाला, ओठ हलवत उभी राहिली. कधी नव्हे ती ऐकत होती, त्यामुळे तिला नवनवीन शोध लागले. मुख्य शोध नीलिमाचा. नीलिमा मंदाच्या खालच्या मजल्यावर राहायची आणि पंधरा वर्षं मंदाच्या शेजारी उभी राहून गायची. आता तिच्या बाजूने फक्त श्वास ऐकू येत होता.

"तू गात नाहीस?" मंदाने जिन्यात पकडून विचारलं.

"अरे यार मंदावहिनी, मला कुठे येतं गायला?" नीलिमा खांदे उडवत म्हणाली. "मैं तो पहिल्यापासून ओठच हलवते."

"पंधरा वर्षं?"

"मस्त साडी मिळते, फोटो निघतो, दोन तास घर से छुट्टी. तुम्ही पण एंजॉय करा ना. टेन्शन मत लो."

मंदाच्या तोंडून सुचेताताईंनाही कधी न दिलेला शब्द बाहेर पडला. नीलिमा हसत खाली गेली.

घरी धर्माजीने बातमी ऐकून टीव्हीचा आवाज कमी केला. हे तो फक्त क्रिकेटचा निकाल लागल्यावर करायचा.

"म्हंजी तू दोन तास गप उभी ऱ्हायतेस?"

"व्हय."

"आनि पैसे न्हाय घेत ती बाय शिकवायचे?"

मंदाने रिमोट हिसकावून टीव्ही बंद केला.

* * *

रविवारी त्यांचा नंबर सतरावा होता. पाच वाजता बाराही जणी हिरव्या साड्या नेसून स्टेजमागे रांगेत उभ्या. उत्तनकडचा तारोडीचा समूह नुकताच गाऊन खाली उतरत होता. त्यांची दुर्गा, कानात सोन्याच्या जड बाळ्या, मंदाला बघून मुद्दाम थांबली. दोघींचं जुनं वैर. सतरा वर्षांपूर्वी रांगेत पुढे घुसण्यावरून लागलेलं, अजून ताजं.

"काय गो, यंदा तुला मागं लपवली हाय म्हनतात?"

"तुमच्यात दिसतच न्हाय कोन कुठं हाय. सगळ्याच बोंबलता."

"आमच्यात ये ना मंगं. आमाला आवाज असाच पायजे."

"तुमच्यात येऊन काय करू? माझा कोनाला ऐकू जानार?"

दुर्गा खो खो हसली. शेरा त्यांना बरा मिळाला होता, तिला हसायला परवडत होतं.

त्या दिवशी एक भानगड झाली होती, जिचा सुचेताताईंनी विचार केला नव्हता. मैदानाच्या पलीकडे, जाळीच्या आत, बॉक्स क्रिकेटचे सामने चालू होते, आणि त्यांचा कॉमेंट्रीवाला दुपारपासून तापला होता. "और ये लगा शॉट! बॉल सीधा नाले में! कोई जाएगा निकालने? कोई नहीं जाएगा!" बाकीच्या समूहांकडे ढोलकी होती, टाळ होते, दुर्गासारखे गळे होते. यांच्याकडे सुचेताताईंची पेटी. सोसायटीच्या ऑफिसात, दहा बाय बाराच्या खोलीत, ती पेटी सगळ्यांच्या कानाला चिकटलेली असायची. स्टेजवर ती एका कोपऱ्यात गेली आणि तिचा सूर स्टेजच्या काठावरून पुढे प्रेक्षकांकडे पडायला लागला. मागे उभ्या असलेल्या बायकांना ऐकू येत होता फक्त कॉमेंट्रीवाल्याचा नाला.

पहिलं, नेमून दिलेलं गाणं कसंबसं पार पडलं. ते प्रार्थनेसारखं, सपाट, चढ-उतार नसलेलं. अकरा जणी पुटपुटल्या, एक जण ओठ हलवत होती, खरं तर दोन. टाळ्या वाजल्या त्या शेवटच्या रांगेतल्या नातेवाइकांच्या.

मग लोकगीत. इशिताने डोळे मिटले, हात छातीवर ठेवला आणि "आंब्याच्या सावलीला गं सखी" अशी ओळ काढली. छान काढली. मंदालाही कबूल करावं लागलं, मनातल्या मनात, दात आवळून. ओळ संपली की लगेच सगळ्यांनी वरच्या सुरात उडी घ्यायची होती, "माझ्या माहेराचा वाटाड्या हसला."

आणि नेमक्या त्या जागी सगळ्या थांबल्या.

असं का झालं हे त्यांनी नंतर एकमेकींवर ढकलायचा खूप प्रयत्न केला. पण मंदाला तिथेच, त्या क्षणी कळलं, कारण अकराच्या अकरा जणींचे कान तिच्याकडे लागलेले तिला जाणवले. वीस वर्षांची सवय! स्टेजवर ओळ मंदा उचलते, मग आपण. ऑफिसात ही सवय पेटीने झाकली होती. इथे पेटी ऐकू येईना, आणि मंदा तर ओठ हलवत होती, शिस्तीत, सांगितल्याप्रमाणे. पाच जणींनी खाली सुरुवात केली, तिघींनी वर, एकीने मध्येच कुठेतरी, नीलिमाने अर्थातच कुठेच नाही. इशिताने डोळे उघडले. कॉमेंट्रीवाला ओरडला, "क्लीन बोल्ड! डंडी गुल!"

सुचेताताई पेटीवरून मान वळवून दातातल्या दातात फुसफुसल्या, "मंदाताई, उचला! उचला ना!"

मंदाने त्यांच्याकडे बघत ओठ हलवले. 'माझ्या माहेराचा.' अगदी सुस्पष्ट.

गाणं अजून अर्धी ओळ फरफटलं आणि मेलं.

मंडपात कुणीतरी शिट्टी मारली. गुणवंत सर बाजूच्या माइकशी आले. "समूह क्रमांक सतरा... नियमानुसार... एकदा पुन्हा सुरुवात करू शकतो. पाच... गुण... वजा. विचार करण्यासाठी एक मिनिट."

ते एक मिनिट आठशे माणसांनी जन्मभर पुरवलं. कारण विचार करण्यासाठी सुचेताताई पेटीवरून उठून मागच्या रांगेच्या डाव्या टोकाशी आल्या, तिथे मागच्या रांगेसाठी उभा केलेला माइक होता, आणि तो चालू होता.

"तुम्ही मुद्दाम केलंत," त्यांचा आवाज चारही स्पीकरमधून आला.

"मी काय केलं? तुम्ही सांगितलंत तेच केलं."

"बायका अडल्यावर उचलायची साधी माणुसकी—"

"ओठानं उचलू?"

मंडप उसळला. सुचेताताई दचकल्या, माइककडे बघितलं, आणि तो हाताने झाकायला गेल्या. पण माइक झाकला की तो किंचाळतो, हे त्यांना माहीत नव्हतं. तो किंचाळला. त्यांनी हात काढला.

"वहिनी, प्लीज यार," नीलिमा म्हणाली. "सगळे व्हिडिओ काढतायत."

"काढू देत. तू चांगलं दिसतेस."

"मंदाताई," सुचेताताईंच्या आवाजातलं तूप पार वितळून गेलं होतं, खालचं भांडं दिसत होतं. "काय हवंय तुम्हाला?"

दोन महिने मंदाने याची वेगवेगळी उत्तरं तयार केली होती. आता एकच आठवलं.

"पुढं. मधोमध. आनि तुमी मला गा म्हना. हितं, मोठ्यानं."

"बरं, या पुढे."

"म्हना."

सुचेताताईंनी इकडेतिकडे पाहिलं. अकरा हिरव्या साड्या खाली बघत होत्या. गुणवंत सर घड्याळाकडे बघत होते, पण मिनिट संपलंय हे सांगण्याची त्यांना अजिबात घाई नव्हती. शेरे वाचून वाचून त्यांना असलं काही ऐकायला मिळत नसे.

"मंदाताई," सुचेताताई माइकमध्ये म्हणाल्या, "गा."

मंदा पुढे आली, इशिताला कोपराने बाजूला सरकवलं, पुढच्या माइकसमोर उभी राहिली. पेटीची वाट तिने पाहिलीच नाही.

"आंब्याच्या सावलीला गो बाऽऽय, कोन बसला!"

कॉमेंट्रीवाला गप्प झाला. खरंच झाला. पलीकडच्या जाळीपाशी क्रिकेटची पोरं येऊन उभी राहिली. मंदाने ओळ जिथून सुरू केली ती पट्टी सुचेताताईंच्या पट्टीच्या कितीतरी वर होती. त्यांची बोटं पेटीवर भराभरा शोधत सुटली, ही नाही, ही नाही, आणि शेवटी काळी पाचवर जाऊन टेकली. बायकांनी सवयीप्रमाणे मागून उडी घेतली, "माझ्या म्हायेराचा गो बाय, वाटाड्या हसला!" गं सखी वगैरे कुणाला आठवलंच नाही. एक कडवं दणक्यात गेलं. शिट्ट्या, टाळ्या, धर्माजी खुर्चीवरून अर्धा उठलेला.

तिथे मंदा जरा खाली आली असती, तर सगळं गोड झालं असतं. दुसऱ्या कडव्याला गाणं आणखी चढतं, आणि त्या पट्टीत ते बाकीच्यांना झेपणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिने ऐकलंही. डावीकडची एक थांबली, मग तिच्या बाजूची. उजवीकडून कुणाचा तरी आवाज फाटला आणि विझला. इशिताने घशाला हात लावला. वाटलं असतं तर मंदा सूर उतरवू शकली असती. भात लावताना आई तेच करायची, मागची बाई दमली की. पण मंदा दोन महिने गप्प उभी होती, आणि आता तिच्या समोर माइक होता, आणि आवाज मैदानापलीकडे, बिल्डिंगांवर आदळून परत येत होता. तिने तो उतरवला नाही. आणखी चढवला.

शेवटचं कडवं ती एकटी गायली. मागे अकरा बायका होत्या, अकराही जणी ओठ हलवत होत्या.

टाळ्या खूप पडल्या. दुर्गाने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, वैर असूनही. मग परीक्षकांचा कागद आला. गुणवंत सरांनी तो हातभर लांब धरला.

"पहिले गीत... ऐकू आले नाही. दुसरे गीत... गळा जोरकस, गाणे अस्सल." मंदाची मान ताठ झाली. "परंतु..." सरांनी चष्मा नाकावर आणला. "ही स्पर्धा समूहगानाची आहे. बारा जणी गात असाव्यात असा नियम असून आम्हांस... एकच मोजता आली. सबब... हा समूह... बाद."

भेळेच्या घासांसकट मंडप हसला. बाद! सहा वर्षांत त्यांना उत्तेजनार्थ मिळालं होतं, तिसरं मिळालं होतं. बाद ही गोष्ट या महोत्सवात पैसे घेऊन गाणाऱ्यांच्या वाट्याला यायची.

स्टेजच्या पायऱ्यांखाली बायकांनी मंदाकडे पाठ केली. एकीने रडायला सुरुवात केली. नीलिमा, जिला यात गमावण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, "इतकं पण काय स्वतःचं स्वतःचं करायचं!" इशिता मधाची बाटली उघडून बसली.

सुचेताताई पेटी पिशवीत घालून आल्या. चेहरा पांढरा.

"झालं तुमचं समाधान?"

मंदाने खाली बघायचा प्रयत्न केला. माफीचं काहीतरी बोलावं असं तिलाही वाटत होतं. तिने आत शोधलं, प्रामाणिकपणे शोधलं. सापडलं नाही.

"झालं," ती म्हणाली.

"उद्यापासून तुमची आम्हाला गरज नाही. आम्ही दुसरी बारावी बघू."

"बगा."

"आणि तुम्हाला कुणी घेणार नाही, हे लक्षात ठेवा. या मैदानातला एक समूह तुम्हाला जवळ उभं करणार नाही आता."

हे खरं होतं. दुर्गाचं 'आमच्यात ये' ही नुसती थट्टा होती. मंदाला ते स्टेजवरच, दुसऱ्या कडव्याच्या चढावर, सूर उतरवायचा की नाही ते ठरवताना कळलं होतं. पुढच्या जानेवारीत ती त्या पायऱ्या चढणार नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. तिचा घसा सोलवटला होता, बोललं की दुखत होता.

धर्माजी पाण्याची बाटली घेऊन आला. दोघं नवरा-बायको बघत उभी राहिली तोवर सगळ्या हिरव्या साड्या मंडपाबाहेर गेल्या.

"घरी?" त्याने विचारलं.

अठरावा समूह स्टेजवर चढत होता. कुठल्यातरी टॉवरमधले बारा पुरुष, एकसारखी जाकिटं, कपाळावर घाम. मंदाने पुढून तिसऱ्या रांगेतली एक रिकामी खुर्ची धरली, धर्माजीला शेजारच्या खुर्चीवर बसवलं, आणि भेळवाल्याला हाक मारली. घशातून जेमतेम आवाज निघाला, तरी तो वळला.